न आवरलेला दरबार

सरकारी प्रेसची आमची जुनी कॉलनी पाडणार आहेत असं कळलं तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं ते एवढंच, की आता नाशिक रोडला जावं लागणार. हल्ली कुठं जायचं म्हटलं की आधी गुडघे आठवतात, मग रिक्षावाल्याशी घालायची हुज्जत आठवते, आणि नाही गेलं तर मन खात राहील तेही आठवतं. म्हणून गेले. दुपारची वेळ होती. आमच्या जुन्या क्वार्टरला दार नव्हतं, ते कोणीतरी आधीच काढून नेलं होतं. आतल्या खोलीच्या कोपऱ्यात, दोन्ही भिंतींना, लोखंडी ब्रॅकेट अजून तसेच होते. नंतर राहायला आलेल्यांनी त्यांच्यावरून भिंतीबरोबर हिरवा ऑइल पेंट फिरवला होता. त्या ब्रॅकेटांवरच्या फळ्यांवर एके काळी जपानच्या बादशहाचा अख्खा दरबार बसत असे, हे मी आता कोणाला सांगितलं तर ऐकणारा माझ्या डोक्याविषयी शंका घेईल. सून तर नक्कीच घेईल.

किकूआजी आमच्याकडे आल्या तेव्हा मी तिसरीत होते. दुष्काळाचं वर्ष नुकतंच सरलं होतं. जपानहून बौद्ध यात्रेकरूंचा एक जथा आला होता, त्यात त्या होत्या. लेणी बघायला चढताना त्यांचा पाय मुरगळला. जथा पुढे गेला आणि त्या आमच्या विहारात राहिल्या. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, विहाराच्या कमिटीत होते. विहाराची फरशी गार, म्हातारीला बाधेल, म्हणून ते तिला थेट घरीच घेऊन आले. आईला विचारणं वगैरे काही नाही. आईनं पाहुणीच्या सुजलेल्या पायाकडे पाहिलं, स्टोव्हवर हळद गरम करायला ठेवली आणि परातीत आणखी पीठ घेतलं.

किकूआजी त्यांच्या गावी शाळेत इतिहास शिकवायच्या. त्यांचं इंग्रजी तुटकं होतं आणि अण्णांचं कारकुनी, पण दोघांचं छान जमलं. संध्याकाळी अण्णा ड्यूटीवरून आले, चहा झाला, की आजी पाय लांब करून बसायच्या आणि त्यांच्याकडच्या जुन्या राजदरबाराच्या गोष्टी सांगायच्या. अण्णा त्या मराठीत करून आम्हाला द्यायचे. मी आणि माझी मोठी बहीण विशाखा, म्हणजे ताई, अशा दोघी ऐकायला. आई भाकरी थापता थापता ऐकायची आणि मधूनच एखादा असा प्रश्न टाकायची की अण्णांना त्याचं इंग्रजी करता यायचं नाही.

त्या दरबारात म्हणे प्रत्येक गोष्टीला एक खातं होतं. दिवाबत्तीचं खातं, चटया अंथरायचं खातं, राजाच्या ताटाचं खातं. पाण्याचं एक खातं होतं, आणि उन्हाळ्यासाठी डोंगरात बर्फ पुरून ठेवायचं कामही त्याच खात्याकडे. वेळ मोजायला पाण्याचं घड्याळ होतं आणि त्याच्याकडे बघत बसायला एक पंडित नेमलेला होता. मार्चच्या काहिलीत बर्फाच्या खात्याची गोष्ट ऐकताना मला अंगावर गार वारा आल्यासारखं वाटायचं. कॉलनीत पाण्याचा व्हॉल्व्ह सोडायला येणाऱ्या माणसाला ताईनं लगेच बर्फखात्याचे अधिकारी करून टाकलं. तो सकाळी सायकलवरून लोखंडी चावी घेऊन आला की आम्ही कमरेत वाकून त्याला मुजरा करायचो. बिचारा घाईघाईनं सायकल पुढे दामटायचा.

सगळ्यात मोठी पदं जोडीनं असत. डावा मंत्री आणि उजवा मंत्री. तबेलेसुद्धा दोन, डावा आणि उजवा. आणि त्यांच्यात डावा वरचा. हे ऐकून अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला.

"डाव्या हाताची आपल्याकडे काय किंमत आहे ते आम्हाला विचारा," ते आजींना म्हणाले. "तुमच्याकडे तो वर बसतो. ऐकूनच बरं वाटलं."

या दोन मंत्र्यांच्याही वर एक पद होतं, महामंत्र्याचं. त्याची गंमत अशी, की त्या पदाला साजेसा माणूस मिळाला नाही तर ते भरायचंच नाही. वर्षानुवर्षं रिकामं ठेवायचं. मला हे पटलं नाही. खुर्ची आहे तर कोणीतरी बसावं ना. ताई मात्र तेव्हा काही बोलली नाही. ती बोलत नसली की तिच्या डोक्यात काहीतरी मुरत असायचं.

पाय बरा झाला तशा आजी निघून गेल्या. खोलीत त्यांच्या मलमाचा तिखट गोडसर वास बरेच दिवस रेंगाळला. नंतरच्या हिवाळ्यात बोटीनं एक पार्सल आलं. आत हलक्या लाकडाची पेटी, पेटीत पातळ कागद, आणि कागदात गुंडाळलेल्या पंधरा बाहुल्या. रेशमी कपड्यांच्या, पांढऱ्या तोंडाच्या. राजा, राणी, पेय वाढणाऱ्या तीन दरबारी बायका, पाच वादक, पांढऱ्या दाढीचा डावा मंत्री, तरणाबांड उजवा मंत्री आणि तीन नोकर. आजींच्या माहेरचा हा दरबार होता. तिकडे तो मुलींसाठी मांडतात, मार्चच्या तीन तारखेला. आजींना मुलगी नव्हती, म्हणून त्यांनी तो आम्हा दोघींना पाठवला होता. पेटी उघडली तेव्हा जो वास आला, कापराच्या जवळचा पण कापूर नव्हे, तो मला पुन्हा कुठेच भेटला नाही. नाकाचं वयही होतंच म्हणा.

कसा मांडायचा त्याचं चित्र आजींनी सोबत काढून दिलं होतं. पायऱ्या पायऱ्यांचा ओटा, सगळ्यात वर राजाराणी, मग बायका, मग वादक, मग मंत्री, आणि खालच्या पायरीवर ते तीन नोकर. त्यांच्या हातात झाडू, दंताळं आणि सुपली. एक हसत होता, एक रडत होता, एक रागावला होता.

अण्णांनी चित्र पाहिलं. मग झाडूवाल्याला उचलून चष्म्याजवळ धरलं.

"पायऱ्या करायच्या नाहीत," ते म्हणाले.

"अहो, तिनं काडून दिल्यात त्या," आई म्हणाली. आई सायखेड्याची, तिचं बोलणं शेवटपर्यंत सायखेड्याचंच राहिलं. "पाहुनीचा मान ठेवा की जरा."

"मान आहेच. पण खाली कोण बसवलेत ते बघ. या घरात कोणी कोणाच्या डोक्यावर बसणार नाही."

म्हणून त्यांनी ब्रॅकेट ठोकले आणि फळी लावली. एका फळीवर पंधरा जण मावेनात, तेव्हा कोपऱ्यातून वळवून दुसरी लावली. जपानचा दरबार आमच्या घरी सरळ एका रांगेत बसला, राशनच्या दुकानापुढं बसावा तसा. अण्णांनी शाईच्या पेनानं चिठ्ठ्या लिहून प्रत्येकाच्या पायाशी पद चिकटवलं. ताईनं रडणाऱ्या नोकराला राजाच्या शेजारी बसवलं. तीन बायका काय वाढतात असं आईनं विचारलं, तर अण्णांनी सरबत असं सांगितलं. ती तांदळाची दारू असते हे त्यांनी आईला कधीच कळू दिलं नाही.

आजींच्या कागदावर शेवटी आणखी एक ओळ होती, अण्णांनी ती हसत हसत वाचून दाखवली. सण झाला की बाहुल्या लगेच आवरून पेटीत ठेवायच्या, नाहीतर मुलीचं लग्न लांबतं, असं आमच्याकडे जुनी माणसं म्हणतात.

"घ्या. थोतांड तिकडेही आहेच," अण्णा म्हणाले. "आपण आवरायच्या नाहीत. राहू देत महिनाभर. असल्या गोष्टींसाठी आपण धम्म घेतलाय का?"

दुसऱ्या दिवशी अण्णांची दुसरी पाळी होती. ते गेल्यावर आईनं हात धुतले, एकेक बाहुली कागदात गुंडाळली, मध्ये डांबरगोळ्या टाकल्या आणि पेटी माळ्यावर चढवली. अण्णांनी घरी आल्यावर रिकामी फळी पाहिली आणि जेवायला बसले.

पुढे दर वर्षी असंच चाललं. बाजारात द्राक्षं स्वस्त व्हायची, आमच्या परीक्षा जवळ यायच्या, अण्णांच्या प्रेसचा भोंगा कोरड्या हवेत जास्तच कर्कश वाटायचा, आणि दरबार माळ्यावरून उतरायचा. अण्णा म्हणायचे राहू द्या, आणि आई त्यांची पाठ वळली की आवरायची. दोघांचाही मान राहायचा. संसार बहुधा अशाच तडजोडींवर चालतो, हे कळायला मला स्वतःचा संसार करावा लागला, आणि कळेपर्यंत दमून गेले.

ताई बारावीला होती त्या वर्षी हे बिनसलं. तिला बी.एस्सी. करायचं होतं. तिनं ते घरात सरळ सांगून टाकलं होतं, आणि अण्णांनी बघू म्हटलं होतं. त्यांचं बघू म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक होतं. कारण मनमाडच्या आत्यानं एक स्थळ आणलं होतं. मुलगा रेल्वेत, नोकरी पर्मनंट, आईवडिलांना एकुलता एक. आईनं तर मनातल्या मनात मांडव घातलाच होता. अण्णांनाही ते स्थळ मनापासून हवं होतं. पोरगी मार्गी लागते आहे, शिकायचं ते लग्न करूनही शिकेल, असं ते आम्हाला ऐकू येईल एवढ्या आवाजात आईला सांगायचे.

त्या मार्चमध्ये ताईनं दरबार मांडला. दुसऱ्या दिवशी आईनं आवरायला हात लावला, तर ताई परीक्षेचं पुस्तक मिटून उठली.

"राहू दे, आई."

"लय झालं तुजं. आवरू दे मला."

"अण्णा दर वर्षी सांगतात राहू द्या. या वर्षी त्यांचं ऐकू या."

आईनं संध्याकाळी आवरलं. सकाळी उठून पाहते तर ताईनं पुन्हा मांडलेलं. असं चार-पाचदा झालं. एका शब्दाचं भांडण नाही. पेटी माळ्यावर जायची आणि खाली यायची, आणि मी पांघरुणातून बघत राहायचे. शेवटी आईनं अण्णांना गाठलं.

"तुमी सांगा तिला. तुमचं ऐकंल ती."

अण्णा काय सांगणार होते? आवरा म्हणावं तर आजवर जे थोतांड म्हणत आले ते मानल्यासारखं झालं असतं. आवरू नका म्हणावं तर पोरीच्या मनासारखं. ताईनं त्यांना त्यांच्याच शब्दात बांधून ठेवलं होतं. लग्न खरंच लांबतं असं तिला मुळीच वाटत नव्हतं. पण आईला वाटतं, आणि बोलता बोलता ते मनमाडपर्यंत पोचेल, एवढा हिशेब तिनं केलेला होता.

ती माणसं मुलगी बघायला आली तेव्हा एप्रिल लागला होता. आत्या, मुलगा आणि मुलाची आई. पोहे झाले, जय भीम झाला, नावगाव झालं. मुलगा खरोखर चांगला होता. तो फळीपाशी जाऊन ढोलकीवाल्या वादकाकडे कौतुकानं बघत होता. त्याच्या आईनं विचारलं, हे काय मांडलंय. ताईनं पदर नीट केला आणि डाव्या मंत्र्यापासून सगळ्यांची ओळख करून दिली. महामंत्र्याचंही सांगितलं, तो इथं नाही, त्याचं पद योग्य माणूस मिळेपर्यंत रिकामं ठेवतात.

"अन् हे असंच ऱ्हातं का बारा महिने?"

"नाही," ताई म्हणाली. "आवरायचं असतं. नाही आवरलं तर मुलीचं लग्न लांबतं म्हणतात."

मुलाची आई खुर्चीत जरा मागे सरकली. आत्या म्हणाली, "मग आवरा ना रे बाबा. कशाला उगी टेंशन घेता."

सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं. ते घामानं भिजले होते.

"आम्ही असलं काही मानत नाही," ते म्हणाले.

"मानत नाय ना? मग आवरून टाकायला काय हरकत हाय?" मुलाची आई म्हणाली. बाई हुशार होत्या.

"मानत नाही म्हणूनच आवरत नाही," अण्णा म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पण त्यात रोजचा जोर नव्हता.

कळवतो म्हणून ती माणसं गेली. मग त्यांनी कळवलं नाही. त्यामागे बाहुल्या होत्या की आणखी काही, हे आम्हाला कधी समजलं नाही, आणि आता समजून तरी काय करायचं आहे. आईनं मात्र ताईशी बोलणं टाकलं. ताट समोर ठेवायची, पण नाव घ्यायची नाही. मे महिन्यात धूळ उडायची ती खिडकीतून येऊन दरबारावर बसायची. राणीच्या केसांवर, मंत्र्यांच्या काळ्या टोप्यांवर. एका सकाळी मी अण्णांना फळीपुढं उभं असलेलं पाहिलं. माळ्यावरची पेटी त्यांनी खाली घेतली होती. त्यांनी डाव्या मंत्र्याला उचललं, त्याच्या दाढीवर फुंकर मारली. मग मंत्र्याला जागेवर ठेवलं आणि पेटी पुन्हा माळ्यावर टाकली. मागे ताई त्यांचा डबा घेऊन उभी होती. त्यांनी डबा घेतला आणि सायकल काढली. जूनमध्ये कॉलेजच्या ॲडमिशनला तिच्याबरोबर तेच गेले.

परवा त्या रिकाम्या क्वार्टरमधूनच मी ताईला फोन लावला. ती पुण्यात असते. कॉलेजात शिकवून शिकवून रिटायर झाली. लग्न तिनं तिशी उलटल्यावर केलं, स्वतः ठरवून, आणि आता नवराबायको मिळून आठवड्याच्या गोळ्यांच्या डब्या भरतात.

"पाडतायत म्हणे," मी म्हटलं.

"पाडू देत. भिंतीत पाणी मुरायचं तसंही," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "आई किती दिवस बोलली नव्हती गं माझ्याशी?"

"कॉलेज सुरू होईपर्यंत."

"मला तर वर्षानुवर्षं वाटतात. मी एकटीनं ओढलं बघ ते सगळं."

मी हूं म्हटलं. दरबार आता नाही. अण्णा रिटायर झाल्यावर आम्ही भाड्याच्या घरात गेलो, तिथं पेटीला ओल लागली. रेशीम कसरीनं खाल्लं, तोंडांचे पोपडे निघाले. आईही गेली, अण्णाही गेले. किकूआजींची नववर्षाची कार्डं एका वर्षी यायची थांबली, तेव्हा काय समजायचं ते आम्ही समजलो. मीसुद्धा बँकेतून सुटले. त्या दरबारात दर्जा असलेले पण पद नसलेले लोक असत, आजी सांगायच्या. सकाळी नटूनथटून बसायचे, पण जायचं कुठं नाही. लहानपणी मला त्याचं हसू यायचं.

ताई एकटीनं ओढलं म्हणाली, ते तिच्या परीनं खरंच आहे. कारण पुढचं तिला माहीत नाही. ती एम.एस्सी.साठी पुण्याला होस्टेलवर गेली तेव्हा मला वाटलं आता दरबार कोण मांडतंय. बाहुल्या आवरण्यावरून घरात एवढं झाल्यावर ती पेटी आई फेकूनच देईल. पण मार्चमध्ये मी कॉलेजातून आले तर आई स्टुलावर चढून फळी पुसत होती. तिनं एकटीनं सगळे मांडले, अण्णांच्या चिठ्ठ्या वाचत वाचत, एकेक अक्षर लावत. रडणारा नोकर राजाच्या शेजारीच बसवला.

दुसऱ्या दिवशी तिचं काम हलकं करावं म्हणून मी एका हातात पेटी घेऊन उजवा मंत्री उचलला.

"ठिव ती खाली," आई म्हणाली.

"सण झाला ना?"

"झाला. पण तिची परीक्षा व्हायची हाय अजून. मागनं आणखी एक वरीस हाय तिचं." तिनं माझ्या हातातून उजवा मंत्री काढून घेतला. "आन तिला कळवू नको. उगा डोक्यावर बसंल."

त्या वर्षी ताई सुट्टीला घरी यायच्या दिवसापर्यंत दरबार फळीवरच राहिला. पाणी भरून झालं की आई ओल्या फडक्यानं फळी आणि कोरड्या पदरानं बाहुल्या पुसायची. अण्णा बघायचे आणि पेपर वाचायचे. मे महिन्यात मनमाडची आत्या पुन्हा आली, आणखी एक स्थळ घेऊन. मुलगा ओझरला नोकरीला, घरचं घर, मुलगी आत्ताच्या आत्ता हवी होती त्यांना. आत्या बराच वेळ बोलत राहिली. पोरीचं वय, लोक काय म्हणतात, असं स्थळ पुन्हा येणार नाही. आई स्टोव्हपाशी पाठमोरी बसून भाकरी थापत होती. आत्याचं सगळं बोलून झाल्यावर तिनं भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावर पाणी फिरवलं, आणि मागे न वळता म्हणाली,

"औंदा नाय जमायचं, वन्सं. आमच्या भावल्या अजून आवरायच्या हायेत."